पुलाखालचा गाळ

रविवार, रात्री

गुडघ्याला पट्टी बांधून बसलेय, डावं मनगट अजून ठणकतंय, पण आजच लिहायचंय कारण उद्यापासून ऑफिस सुरू झालं की पंधरा दिवस लिहिणं होत नाही आणि तोवर सकाळी नक्की काय वाटलं ते पुसट होऊन जातं.

सकाळी पडले. टेरी हर्शी पार्कच्या ट्रेलवर, एल्ड्रिजच्या पुलाखाली. ह्युस्टनमधल्यांना माहीत असेल, बफेलो बायूच्या (बायू म्हणजे इथली संथ वाहणारी छोटी नदी) काठाकाठाने जाणारा ट्रेल आहे हा, मोठा रस्ता आडवा आला की ट्रेल उतरून पुलाखालून जातो. जोराचा पाऊस झाला की बायूचं पाणी तिथे चढतं आणि ओसरताना बारीक गाळ ठेवून जातं, वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत लोणी. सात वर्षं तिथे सायकल चालवतेय, मला माहीत आहे हे सगळं, तरी वळणावर पुढचं चाक सटकलं आणि मी डाव्या कुशीवर आपटले.

पडल्या पडल्या हात कुठे गेला तर छातीखाली, पिस्तुलावर. गुडघ्याचं सालटं निघालं होतं, हेल्मेट फरशीला घासलं होतं, त्यातलं काही बघितलंच नाही मी. होल्स्टर जागेवर आहे का, ट्रिगर झाकलेलाच आहे ना, एवढंच चाचपलं.

तेवढ्यात समोरून एक गृहस्थ जॉगिंग करत येत होते, साठीचे असतील, ते पळत आले, बरी आहेस का विचारत मला उठवायला वाकले आणि माझ्या काखेत हात घालणार तेवढ्यात मी ओरडले, जवळ येऊ नका! एवढ्या जोरात की पुलाखाली घुमलं. ते जागच्या जागी थांबले, दोन्ही हात वर केले, तळवे दाखवले मला, आणि मागे सरकले. मग कमरेची पाण्याची बाटली काढून माझा हात पोचेल अशी जमिनीवर ठेवली आणि दहा-बारा फुटांवर जाऊन उभे राहिले, मी उभी राहून सायकल उचलेपर्यंत. पाठ अर्धवट वळवून, मला अवघडायला नको म्हणून. मग हात हलवला आणि गेले.

माझ्या बरगडीवरचं पिस्तूल लागलं असतं त्यांच्या हाताला. म्हणून ओरडले मी. दुसरं काहीही कारण नव्हतं.

हे पिस्तूल बाळगणं कशावरून सुरू झालं ते लिहून ठेवते. गेल्या वर्षी मार्चमध्ये, पहाटे पावणेसहाला, याच ट्रेलवर एक माणूस सायकलवरून माझ्यामागे मागे येत होता, मी हळू केलं की तो हळू, मी थांबले की तो थांबायचा, शेवटी पुलाखाली पुढे जाऊन सायकल आडवी लावून उभा राहिला आणि कुठे राहतेस विचारायला लागला. मागून तीन-चार जणांचा ग्रुप दिवे लावून आला म्हणून तो निघून गेला. घडलं काहीच नाही, पण घरी येऊन शूज काढताना हात थरथरत होते ते विसरले नाहीये. आणि इथे उन्हाळ्यात पहाटेच निघावं लागतं, नऊ वाजता अंगाची लाही होते, त्यामुळे उजाडल्यावर जात जा हा सल्ला काही कामाचा नाही.

आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये एक नर्स आहे, नाइट शिफ्ट करून एकटीच रायडिंग करते, ती कायम पिस्तूल बाळगते. तिनेच मला शिकवलं. तिच्याबद्दल एक अक्षर वाकडं लिहिणार नाही मी, तिच्या बाबतीत जे घडलंय ते माझ्यापेक्षा खूप जास्त आहे.

आणि मला तर इतकी वर्षं हा प्रश्नच नव्हता. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूकच काय, साधी गोळीसुद्धा जवळ ठेवणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे, शिकारीचा परवाना वगैरे असेल तरच सूट, हे आपल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं, मित्रांबरोबर हौसेने शूटिंग रेंजवर जाऊन फोटो टाकतात. ग्रीन कार्ड आलं तेव्हा कुठे ते दार उघडलं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते, तरी मी रीतसर परवाना काढला. कारण माझ्या रूटवर दोन शाळा लागतात. शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर फेडरल बंदी आहे आणि राज्याचा परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. गाडीतल्या माणसाला कदाचित हे जाणवत नसेल पण सायकलवाल्याचा रस्ता शाळेच्या कुंपणाला लागूनच जातो. दिवसभराचा क्लास, लेखी परीक्षा, मग ५० राउंड फायर करायचे, तीन यार्डांवरून २०, सातवरून २०, पंधरावरून १०, आणि २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. मला बरेच जास्त मिळाले होते. खूप बरं वाटलं होतं त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

पण कागदी टार्गेटसमोर दोन पायांवर उभं राहणं वेगळं आणि सायकल वेगळी. ठेवायचं कुठे इथपासून सुरुवात. जर्सीच्या मागच्या खिशात तर अजिबातच नाही, केळं काढायला हात घालाल आणि ट्रिगरला बोट लागेल. कमरेला मागे लावलं आणि पाठीवर पडलात तर मणक्यात घुसेल. पुढे लावलं तर ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर वाकलं की पोटात रुततं. हँडलबारच्या बॅगेत ठेवलं आणि बाथरूमला जाताना सायकल कुणाला धरायला दिली की त्यांच्या हातात भरलेलं पिस्तूल गेलं, आणि त्यांना माहीतही नाही. शेवटी छातीच्या खाली घट्ट इलॅस्टिकचा पट्टा, त्यात ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, वरून एक साइज मोठी जर्सी म्हणजे आकार उमटत नाही. चढावर श्वास घेताना तो पट्टा जाणवतोच. सहाशे-साडेसहाशे ग्रॅम वजन. आणि ह्युस्टनचा घाम! रोज आल्यावर पुसा, तेल द्या, दोन दिवस आळस केला तर स्क्रूवर तांबूस डाग. आणि बाहेर काढायचं झालं तर एका हाताने हँडल, दुसऱ्याने झिप, ग्लोव्ह्ज घातलेले, म्हणजे सायकल चालवता चालवता ते निघतच नाही, आधी थांबून पाय टेकायलाच हवा. मग सायकलवर असताना ते नक्की कशासाठी असतं हा प्रश्न मी स्वतःला सव्वा वर्ष विचारलाच नाही.

नर्सने एकदा सांगितलं होतं की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये खास सायकलवाल्यांसाठी छोटी रिव्हॉल्व्हरं निघाली होती, व्हेलो-डॉग नावाची, मागे लागणाऱ्या कुत्र्यांसाठी. मी नंतर शोधून वाचलं, त्यात तिखट भरलेली काडतुसंही मिळायची म्हणे. ह्युस्टनबाहेर वॉलर गावाच्या बाजूला फार्म-टू-मार्केट, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर कुत्री मागे लागतात तेव्हा मला ते आठवतं. पण तिथे एवढ्या वर्षांत मी काय केलंय, तर जोरात ओरडलेय, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलंय, फारच झालं तर उतरून सायकल मधे धरलीय. प्रत्येक वेळी भागलंय.

आणि वॉलर म्हटलं की कुत्र्यांआधी दुसरंच आठवतं. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथेच एका सोळा वर्षांच्या मुलाने पिकअप चालवताना ट्रेनिंग करणाऱ्या सायकलस्वारांवर काळा धूर सोडला आणि पुढे जाऊन सहा जणांना उडवलं. सगळे वाचले हे नशीब. ग्रुपमध्ये कितीतरी दिवस तेच बोलणं चाललं होतं. देशभरात २०२२ या एका वर्षात ११०० च्या वर सायकलस्वार गाड्यांच्या धडकेत गेले. मागून ताशी साठ मैलांनी येणाऱ्या ट्रकला माझ्या बरगडीवरचं पिस्तूल काय करणार? तरी मी पैसे आणि वेळ कशावर घालवला तर पट्टा, होल्स्टर, क्लास, रेंज. मागून येणारी गाडी दाखवणारा रडार गेलं वर्षभर नुसता कार्टमध्ये पडून आहे. आज संध्याकाळी ऑर्डर केला.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच आहे. ते अंगावर असताना मी माणसांकडे कशी बघायला लागले होते. पूर्वी समोरून कुणी आलं की आपोआप गुड मॉर्निंग निघायचं, इथली ही सवय मला फार आवडते. हल्ली आधी हात बघायचे, मग खिसे, मग अंतर, आणि तोवर माणूस मागे गेलेला असायचा. ससे, बगळे, बायूच्या काठावर उन्हाला बसलेली कासवं, मागच्या वर्षभरात यातलं काय बघितलं ते आठवायला बसले तर मार्चच्या आधीचंच आठवतंय सगळं.

नवऱ्याने गुडघा धुतला, काही बोलला नाही. पिस्तूल रिकामं करून तिजोरीत ठेवलं मी, चेंबर दोनदा तपासलं.

मंगळवार

आईचा फोन आला साताऱ्याहून. पडले एवढंच सांगितलं. ती म्हणाली, सायकलवर जाताना गळ्यातलं काढून ठेवत जा गं बाई, आमच्या इथे फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातलं ओढून नेतात मोटरसायकलवरून. तिच्या डोक्यात सकाळच्या वेळेची भीती म्हणजे एवढीच. मामाकडे बारा बोअरची बंदूक होती, शेतात डुकरं यायची म्हणून, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की तो ती पोत्यात गुंडाळून पोलीस स्टेशनला जमा करायचा आणि पावती जपून कपाटात ठेवायचा. लहानपणी ती बंदूक दिसली की आम्ही पोरं गप्प व्हायचो. तिला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही माझ्याकडे काय आहे ते, आजही नाही सांगितलं.

परवाना आहे, राहू दे. विकायचं का ते अजून ठरत नाहीये, पुलाखालचा तो मार्चमधला माणूसही खरा होता ना. पण सायकलवर परत नेणार नाही, एवढं ठरलंय. हँडलला मिरीचा स्प्रे लावलाय, अंगठ्याने निघतो.

त्या गृहस्थांची बाटली माझ्याकडेच राहिली. निळी आहे, कमरेच्या पट्ट्यात बसणारी, छोटीशी. पाणी प्यायले होते मी त्यातलं आणि घाईत बॉटल केजमध्ये खोचून घेऊन आले. धुऊन ओट्यावर पालथी घातलीय. ते हायवे सिक्सच्या बाजूने आले होते, साडेसहाच्या सुमाराला. गुडघा वाकायला लागला तर शनिवारी जाईन, नाहीतर रविवारी.