तुम्ही विचारलंत म्हणून: सिम्युलेशनला गुणक का लावता?

"आकडे जुळत नाहीत म्हणून सिम्युलेशनला 0.8 नं गुणता, मग हे विज्ञान कसलं?" द्रव आर्गॉनच्या टाकीतून कण गेला की त्यात प्रकाश चमकतो; तो मोजून सिम्युलेशनशी ताडणाऱ्याला हे हमखास ऐकावं लागतं. राग येतो, कारण प्रश्न अर्धा बरोबर आहे.

500 व्होल्ट प्रति सेंटीमीटरच्या विद्युत क्षेत्रात कणानं सोडलेल्या एक एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेमागे सुमारे 24,000 फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघतात, 128 नॅनोमीटर तरंगलांबीचे. एक जीईव्ही (हजार एमईव्ही) म्हटलं की झाले दोन कोटींच्या वर. एकेकाचा माग काढणं परवडत नाही, म्हणून टाकीचे लहान घन पाडून कुठल्या घनातून कुठल्या पीएमटीला (प्रकाश टिपणाऱ्या नळीला) किती प्रकाश पोचतो याचा तक्ता आधीच करून ठेवतात. त्यात रेली विखुरणाचं अंतर (सरासरी किती अंतरावर फोटॉनची दिशा बदलते ते, साधारण 1 मीटर), भिंतींचं परावर्तन, टीपीबीच्या (अतिनील प्रकाशाचा दृश्य प्रकाश करणाऱ्या रसायनाच्या) लेपाची कार्यक्षमता असं बरंच काही गृहीत धरलेलं असतं. गुणक टळत नाही तो त्यामुळे.

पण एकच गुणक तीन वेगळी दुखणी झाकू शकतो. 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग) नायट्रोजन शिरला तर प्रकाशाच्या मंद, म्हणजे हळू विझणाऱ्या, भागाचा काळ 1.3 मायक्रोसेकंदांवरून 1.15 च्या आसपास येतो आणि म्युऑन या कणाचा एकूण प्रकाश जवळपास दहा टक्क्यांनी घटतो. सहा-सात नॅनोसेकंदांचा जलद भाग मात्र तसाच राहतो. प्रकाश वाटेत शोषला जात असेल तर घट अंतरागणिक वाढते. आणि पीएमटीचा गेन, म्हणजे एका इलेक्ट्रॉनचा संकेत ती किती पट वाढवते तो आकडा, चुकला असेल तर जवळ, दूर, जलद, मंद सगळं एकाच प्रमाणात घसरतं.

आमच्या चाचणी टाकीत हे तिसरंच झालं होतं. गुणक 0.73 निघाला. जवळच्या आणि दूरच्या पीएमटींना तोच लागू पडला, म्हणून सगळे खूश. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. गेन काढण्यासाठी एलईडीचे मंद झोत सोडतात आणि एका फोटोइलेक्ट्रॉनचा (फोटॉनमुळे पीएमटीत सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा) सरासरी चार्ज मोजतात. दहापैकी नऊ झोत रिकामे, म्हणजे एकही फोटोइलेक्ट्रॉन न सुटता, जावेत इतका एलईडी मंद हवा. आमच्या रनमध्ये साठ टक्केच रिकामे होते. प्वासॉनच्या (योगायोगानं घडणाऱ्या घटना मोजण्याच्या) हिशेबानं दर झोताला सरासरी 0.51 फोटोइलेक्ट्रॉन, आणि रिकामे वगळले की उरलेल्यांत सरासरी 1.28. म्हणजे ज्याला आम्ही 'एक' समजून बसलो, तो एक नव्हताच. गेन 28 टक्के फुगला, डेटातला प्रकाश तेवढ्या पटीनं कमी दिसला, आणि दोष तक्त्यावर गेला. एलईडीचा व्होल्टेज उतरवून नव्वद टक्के झोत रिकामे येऊ दिले, तरीही उरलेल्या पाच टक्के फुगवट्याची प्वासॉन दुरुस्ती केली, तेव्हा गुणक 0.93 वर आला. त्या दिवसापासून कुठल्याही गेनच्या आकड्याशेजारी रिकाम्या झोतांचं प्रमाण लिहिलेलं नसेल, तर तो आकडा आम्ही घेत नाही.

पूर्वी मीच म्हणायचो, गुणक उघडपणे लिहून ठेवला की प्रामाणिकपणाचं काम झालं. आता तसं म्हणवत नाही. 0.73 सुद्धा आम्ही उघडपणेच लिहिला होता.

आणि 0.93? तो लेपाचा असेल, परावर्तनाचा असेल, दोन्हींचा मिळूनही असेल. म्युऑनच्या वाटा अंतरानुसार वेगळ्या करून पाहतोय. लेपाचा दोष असेल तर घट सगळीकडे सारखी दिसेल, भिंतींचा असेल तर दूरच्या वाटांवर जास्त. आतापर्यंतच्या नोंदी दोन्ही बाजूंना खेचतात. तोवर गुणक राहील, आणि तुम्ही पुन्हा विचाराल, तेव्हाही तो का आहे हे पूर्ण सांगता येणार नाही.