कॉकॅटिएलचा पहिला पिंजरा: सगळं जमलं, जाळीवर अडलं

कॉकॅटिएलचं, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाचं पिल्लू घरी आणायचं ठरलं तेव्हा दाणे, वाट्या, फांद्या ही जमवाजमव चटकन झाली. रखडला तो पिंजरा, आणि त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

दुकानांत बघावं तिकडे गोल, घुमटाचे, उंचच उंच पिंजरे. पक्षी उडतो आडवा, त्याला उंचीपेक्षा लांबी लागते. एकट्या कॉकॅटिएलला कमीत कमी दोन फूट लांब, दीड फूट खोल आणि दोन फूट उंच एवढी जागा हवी. मी तीन फूट लांबीचा ठरवला. दोन गजांमधलं अंतर अर्धा ते पाऊण इंच. त्याहून मोठ्या फटीत पिल्लाचं डोकं अडकतं. मी टेप काढून अंतर मोजायला लागले की दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडायच्या. शेवटी फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यायचं ठरवलं.

स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेड, अर्ध्या इंची जाळी, असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, जी.आय. घ्या, निम्म्यात होईल. पक्ष्याला काय कळतंय?" पक्ष्याला कळत नाही म्हणूनच आपल्याला कळायला हवं! पोपटाच्या कुळातले पक्षी चोचीने धरून चढतात, दिवसभर जाळी चावत बसतात. जी.आय. म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंड; त्याच्या तारेवर जस्ताचा थर असतो, जोडांपाशी त्याचे थेंब साचलेले असतात. ते सोलून पोटात गेले की जस्ताची विषबाधा होते आणि एवढासा जीव त्यात दगावू शकतो. हे सगळं मी त्याला समजावलं. त्याने मान डोलावली, ॲडव्हान्स घेतला.

मग सुरू झालं "शनिवारी या". शनिवारी गेलं की कारागीर गावाला गेलेला. पुढच्या खेपेला वीज नाही. इकडे ब्रीडरचे फोन: पिल्लू स्वतःहून दाणे टिपायला लागलंय, कधी नेताय? अखेर पिंजरा तयार झाला आणि मी पर्समधून लोहचुंबक काढून जाळीला लावला. टक्कन चिकटला. ३०४ ला तो असा चिकटत नाही. चौकट स्टेनलेसची आणि जाळी जी.आय.ची! वर म्हणतो, "रंग मारून देतो, दिसणार नाही." रंगही चोचीने उडतोच की. दारही वर सरकवायचं केलेलं. हे पक्षी चोचीने असं दार उचलायला शिकतात आणि ते मानेवर पडू शकतं. मी बाजूला उघडणारं, कडीचं दार सांगितलं होतं. तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, जाळी आणि दार बदला, नाहीतर पैसे परत द्या." कुरकुरत त्याने बदललं. पिल्लाला आणखी थांबावं लागलं, पण ती जाळी मी घरात येऊ दिली नाही याचा मला अभिमान आहे.

तेव्हा कुणाला बनवून घ्यायचा असेल तर जाळी स्वतः विकत घ्या, त्याला फक्त मजुरी द्या. कापलेल्या तारांची टोकं घासून घेतली आहेत का, ते बोट फिरवून बघा. जी.आय.शिवाय परवडतच नसेल तर व्हिनेगर लावून ब्रशने खसाखसा घासा, धुवा, उन्हात वाळवा. त्याने धोका कमी होतो, जात नाही.

बसायला पेरूच्या फांद्या उत्तम: घासून, उकळतं पाणी ओतून, कडक वाळवून. जाड-बारीक मिसळून लावा. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर सतत बसून पायांना फोड येतात. कण्हेर विषारी, तिची काडीसुद्धा नको. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (माकुळासारख्या समुद्री जीवाचं पांढरं हाड) काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, पेट शॉपपेक्षा स्वस्त. वाट्या फांदीच्या बरोबर खाली ठेवू नका, विष्ठा पडते. तळाला रोज नवा कागद.

पिंजरा भिंतीलगत, आपल्या छातीच्या उंचीवर ठेवलाय. स्वयंपाकघरापासून लांब, कारण नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. त्या खोलीत धूप, अगरबत्ती, मच्छरांची कॉइल पूर्ण बंद. पक्षी बाहेर काढायच्या आधी छताचा पंखा बंद करायचा, हे घरात सगळ्यांच्या अंगवळणी पाडलंय.

हो, आपला हिरवा, लाल कंठाचा पोपट पाळायचा विचार असेल तर तो सोडून द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पाळायला बंदी आहे. कॉकॅटिएल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याला ही बंदी लागू नाही.

रात्री मिणमिणता दिवा राहू द्या. गडद अंधारात कॉकॅटिएल दचकून फडफडतात आणि पंख मोडून घेतात. आणि पक्ष्यांचा डॉक्टर पिंजऱ्याच्याही आधी शोधून ठेवा. रोज सकाळी खाण्याआधी काट्यावर वजन करून लिहून ठेवा; आजारी पक्षी दुखणं लपवतो, वजन लपवता येत नाही. नेहमीपेक्षा दहा टक्के घटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.