कुलूप कुठे लावायचं?

आज दिवसभर एका हॅश टेबलशी (नाव दिलं की त्याची नोंद झटकन काढून देणारा तक्ता) झटापट. कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतली जुनी लायब्ररी. तारखांचे फॉरमॅट एकदाच कंपाइल करून कॅशमध्ये, म्हणजे या टेबलात, ठेवते. एका थ्रेडवर (म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर) गुमान चालायची, सर्व्हरवर लोड चढून अनेक थ्रेड एकदम चालू लागले की मधूनच बिनसायची.

कॉमन लिस्पचं अ‍ॅन्सी मानक 1994 चं. त्यात थ्रेडबद्दल अवाक्षर नाही, म्हणून प्रत्येक लिस्प कंपायलरची तऱ्हा वेगळी. त्यातल्या एसबीसीएलमध्ये साध्या टेबलात दोन थ्रेडनी एकदम लिहिलं तर ते आतूनच बिघडू शकतं. टेबल बनवतानाच ‘सिंक्रोनाइज्ड’ मागितलं की एवढं तरी टळतं. एवढंच! ‘आहे का बघ’ आणि ‘नसेल तर बनवून ठेव’ ही दोन वेगळी पावलं, मधल्या फटीत दुसरा थ्रेड शिरतोच. टेबल शाबूत, पण एकच फॉरमॅट दोनदा कंपाइल.

बरं, दोन्ही पावलांवर एकच लॉक (कुलूप, एका वेळी एकच थ्रेड आत) धरला तर कंपाइल होईपर्यंत बाकीच्यांची रायबंदरच्या फेरीबोटीला लागते तशी रांग. शेवटी कंपाइल लॉकबाहेर काढलं. आत शिरून पुन्हा बघायचं. कुणी आधीच ठेवलं असेल तर तेच घ्यायचं, आपलं टाकून द्यायचं. फॉरमॅट नंतर बदलत नाहीत म्हणून हे चालतं. क्वचित दुप्पट मेहनत झाली तर होऊ दे.

ऐन टेस्टच्या वेळी म्हापशात पाऊस आणि वीज गायब. (नवल ते काय!) बॅटरीवर सगळ्या टेस्ट पास.

कॅश फुगत जाते त्याचं अजून काही केलेलं नाही. कमाल मर्यादा घालावी म्हणतो. इथल्या लिस्पवाल्यांनो, असलात तर सुचवा!