कंपनीचा वकील कोण, हे मला कुठे सापडलं

वॉरंटीत जळालेली पाणबुडी मोटर कंपनीने बदलून दिली नाही, म्हणून वडिलांच्या वतीने जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लावायचीही सक्ती नाही. कागद मीच सांभाळत होतो. पुराव्याच्या शपथपत्राची प्रत सामनेवाल्याला, म्हणजे कंपनीला, द्यायची वेळ आली, आणि कंपनीचा वकील कोण हेच कळेना.

आधी आम्ही पाठवलेल्या नोटिशीला पुण्याच्या एका वकिलांनी उत्तर दिलं होतं. त्यांना फोन केला. "दादा, माझं काम नोटिशीच्या उत्तरापुरतंच होतं," ते म्हणाले. कस्टमर केअरवाले तक्रार क्रमांकाच्या पुढे सरकेनात. अमळनेरच्या डीलरने हात वर केले.

ई-कोर्ट्सवर शोधत बसू नका. तिथे दिवाणी-फौजदारी न्यायालयांची प्रकरणं असतात, ग्राहक आयोगाची नाहीत. आयोगासाठी जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. आमच्या प्रकरणात तिथला वकिलाचा रकाना रिकामाच होता.

तारखेला बाहेर बाकावर एक पारोळ्याचे आजोबा भेटले. त्यांच्या बियाण्याची केस होती. म्हणाले, "पहिले वकीलपत्र देखा ना, भाऊ."

हेच खरं उत्तर. कंपनी कितीही मोठी असो, तिच्या वतीने उभं राहणाऱ्या वकिलाला वकीलपत्र, म्हणजे आपल्याला नेमल्याचा सहीचा कागद, दाखल करावंच लागतं, आणि तक्रारदाराला आपल्या प्रकरणाची फाइल पाहता येते. मी अर्ज दिला. फाइलमध्ये लेखी जबाबाच्या आधीच वकीलपत्र लावलेलं होतं: कंपनीच्या अधिकृत अधिकाऱ्याची सही, शिक्का, खाली वकिलांचं नाव, सनद (वकिली नोंदणी) क्रमांक, पत्ता, मोबाइल. वकील जळगावचेच! लेखी जबाबाला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५ दिवस असतात. वकीलपत्र बहुतेक तेव्हाच येतं, त्याआधी फाइलमध्ये काही सापडलं नाही तर घाबरू नका.

फोन केल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुमच्याकडून वकील आहेत का? असते तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे त्यांना आमच्या वकिलांमार्फतच बोलावं लागलं असतं. नाही म्हटल्यावर ऑफिसला बोलावलं. शपथपत्राची प्रत दिली, माझ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली आणि ती आयोगात जमा केली.