कूलरला हात लावताना चप्पल घाला, या नियमातून आमचं घर कसं सुटलं – माझा अनुभव

आमचं घर अकोल्याला, सासऱ्यांनी १९८८ ला बांधलेलं. इथला उन्हाळा वेगळा सांगायला नको, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि पत्र्याचा मोठा कूलर दिवसरात्र चालू. लग्न होऊन आले तेव्हापासून एक नियम ऐकत आले की कूलरला हात लावायचा तर पायात चप्पल पाहिजे. का, तर मुंग्या येतात. मला शिकवलं, मी मुलीला शिकवलं, पाहुणे आले की त्यांनाही सांगायचो आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, जसं दाराची चौकट बुटकी आहे डोकं सांभाळा म्हणतो ना तसंच.

मागच्या वर्षी मे महिन्यात सासूबाई दुपारी कूलरमधे पाणी भरत होत्या, पाइपमधून पाणी सांडलेलं, फरशी ओली, पाय अनवाणी, आणि एका हाताने त्यांनी कूलरची कड धरली. मी किचनमधे होते, आवाज आला म्हणून धावले तर त्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या, हात थरथरत होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. नशीब की हात सुटला. मी आधी मेन स्विच बंद केला मग त्यांना हात लावला, एवढं भान राहिलं कसं ते माहीत नाही. दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल आला. त्या रात्री मला झोप नाही. पंधरा वर्षं आम्ही ज्याला मुंग्या म्हणत होतो तो करंट होता, साधा सरळ करंट, आणि आम्ही त्याला घरात ठेवून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी जवळच्या दुकानातून एक जण आला, त्याने पंपाची दोन पिनची पिन काढून उलटी लावली, टेस्टर लावला, दिवा लागला नाही, झालं काम म्हणाला. नवऱ्याला पटलं, मला नाही, कारण पिन उलटी केली म्हणजे फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी तार) यांची फक्त अदलाबदल झाली, फुटलेली वायर तर पाण्यातच होती आणि उद्या कुणी साफसफाई करताना पिन पुन्हा फिरवली की परत तेच. म्हणून ओळखीतून एक लायसनवाले वायरमन भाऊ शोधले, वय साठीच्या आसपास, त्यांनी येताना टेस्टर नाही तर व्होल्ट मोजायचं मीटर आणलं.

त्यांनी पहिली गोष्ट काय केली तर कूलरचा थ्री पिन टॉप उघडून माझ्या हातात दिला. बघा म्हणे ताई. मोठ्या पिनेचा पितळी स्क्रू नवा कोरा, चकचकीत, त्याला कधी वायर लागलेलीच नव्हती! कूलरपासून आलेली वायर दोन तारांची, अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी, हिरवी तार नाहीच. म्हणजे बाहेरून थ्री पिन पण आत दोनच. मग पंप बाहेर काढला तर वायरला मधे जोड दिलेला, त्यावरची टेप पाण्यात कुजून सुटलेली आणि तांबं उघडं. मग भिंतीतल्या सॉकेटवर मीटर लावलं, फेज ते न्यूट्रल २३४ व्होल्ट, आणि फेज ते अर्थिंगचं वरचं मोठं भोक, जिथे जवळपास तेवढंच यायला पाहिजे, तिथे ७० च्या आसपास कायतरी हलत राहिलं. "ताई, हे भोक नुसतं दाखवाले हाय, मागं काहीच नाही." हे वाक्य मी विसरणार नाही.

मग अर्थिंग शोधायचं काम. मीटरच्या बोर्डामागून एक गंजलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार खाली जाते ती अंगणात फरशीखाली गायब. सासरे म्हणाले खड्डा होता तुळशीपाशी, आम्ही लहान होतो तेव्हा त्यात पाणी टाकायचो असं नवरासुद्धा म्हणाला, पण २००९ ला अंगणात फरशी बसवली तेव्हा बुजवला आणि कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. फरशी फोडल्यावर पाइप सापडला, वरचा वीतभर भाग गंजून पापुद्रे सुटलेले आणि तार तिथेच तुटलेली.

नवा खड्डा परसात केला. आमच्याकडे काळी माती, पावसाळ्यात लोण्यासारखी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. वायरमन भाऊंनी समजावलं की काळी माती ओली असली की करंट चांगला खेचते पण वाळली की आक्रसते आणि पाइपला सोडून देते, म्हणून इथे नुसता पाइप ठोकून चालत नाही. आठ फूट खोल गेलो, जीआय पाइप, भोवती कोळशाचा चुरा आणि खडे मीठ यांचे थर, वर चेंबर आणि पाणी ओतायला नरसाळं. दोन दिवस पाणी मुरू दिलं आणि मग अर्थ टेस्टर लावला तर साडेतीन ओहम. पाचच्या आत पाहिजे होतं. तिथून हिरवी वायर बोर्डापर्यंत आणि मग खोलीखोलीत ओढली, किचन, बाथरूम, कूलरचा पॉइंट, मोटर. जुने फ्यूज काढून एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच, घातले, एका फ्यूजमधे तर कुणीतरी एवढी जाड तार बांधली होती की भिंतीतली वायर जळाली असती पण ती वितळली नसती.

आरसीसीबीबद्दल, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचबद्दल, घरात वाद झाला. नवरा म्हणाला एमसीबी आहे ना आता, अजून कशाला. मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. ओल्या हातापायाने माणसाचं शरीर साधारण हजार ओहम धरलं तर २३० व्होल्टला त्यातून ०.२३ अँपिअर जाईल, म्हणजे २३० मिलिअँप, जे हृदय थांबवायला पुरे आहे. आणि एमसीबी १६ अँपिअरचा, त्याला हे कळणारही नाही, तो वायर वाचवतो, माणूस नाही. आरसीसीबी फक्त एवढंच बघतो की फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, ३० मिलिअँपचा फरक पडला की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. हां, कुणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले आणि जमिनीकडे काही गेलंच नाही तर त्यालाही कळत नाही, तेवढं लक्षात ठेवायचं. सासूबाई म्हणाल्या लाव. मग लागला.

लागला आणि लगेच ट्रिप. पुन्हा चढवला, पुन्हा ट्रिप. बऱ्याच घरांत इथेच लोक कंटाळून डायरेक्ट करून घेतात, आमच्या शेजारी तेच झालंय, डब्बा भिंतीवर आहे पण वायर बाहेरून. वायरमन भाऊंनी सगळे एमसीबी पाडले आणि एकेक चढवत गेले, इन्व्हर्टरची लाइन चढवली की ट्रिप. उघडून बघितलं तर इन्व्हर्टर बसवणाऱ्याने फेज घेतलेली आपल्या बोर्डातून पण न्यूट्रल घेतलेला थेट मीटरपासून, म्हणजे आरसीसीबीतून करंट जातोय पण परत दुसऱ्याच रस्त्याने, त्याला वाटणारच की कुठेतरी गळती आहे. इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळा करून आरसीसीबीच्या पुढे आणायला अख्खा दिवस गेला. तुमच्याकडे नवीन आरसीसीबी टिकत नसेल तर आधी हे तपासा, मशीन खराब म्हणून बदलू नका.

मला वाटलं झालं. मग पाऊस आला. जुलैमधे रात्री दोनला ट्रिप, सकाळी चढतो, संध्याकाळी पाऊस की परत. मागच्या व्हरांड्यातल्या दिव्याच्या पट्टीत पाणी शिरत होतं, गच्चीची ओल भिंतीत उतरून जोडापर्यंत आली होती, तो पॉइंटच बंद करून टाकला.

पण त्याच शोधात जे दिसलं त्याने माझ्या पोटात गोळा आला. आमची कपडे वाळत घालायची तार, लोखंडी, एका बाजूला खिडकीच्या ग्रिलला आणि दुसऱ्या बाजूला ज्या अँगलवर खांबावरून येणारी सर्व्हिस वायर टेकते त्याच अँगलला बांधलेली. आणि तिथे वर्षानुवर्षं उन्हाने त्या वायरचं काळं आवरण तडकून अँगलवर घासून पातळ झालेलं, अजून थोडं घासलं असतं तर अख्खी तार, ग्रिल, त्यावरचे ओले कपडे सगळं जिवंत. आणि आपला आरसीसीबी मीटरच्या पुढे घरात, ही वायर मीटरच्या आधी, म्हणजे तिथे तो काहीच करू शकत नव्हता. दर पावसाळ्यात पेपरमधे कपडे वाळत घालताना शॉक लागून गेलेल्या बायकांच्या बातम्या येतात आणि वाचवायला धावलेला नवरा किंवा मुलगाही जातो, ती आपल्याच अंगणातली तार असू शकते हे मला तोवर खरंच सुचलं नव्हतं. वीज कंपनीच्या १९१२ या तक्रार नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली, मीटरपर्यंतची वायर आपण हात लावायची नसते, तिसऱ्या दिवशी माणूस येऊन वायर बदलून गेला. तार मी त्याच दिवशी काढली होती, आता नायलॉनची दोरी आहे. कृपया आज बाहेर जाऊन तुमची तार कुठे बांधली आहे ते बघा.

दिवाळीत लोखंडी गेटवर माळ लावायची नाही एवढं ठरवलं, लाकडी चौकटीवर लावली आणि झोपताना पिन काढली.

डिसेंबरमधे पाणी तापवायचा रॉड. गिझर सासऱ्यांना आवडत नाही, त्यांना बादलीतच पाणी लागतं. एका सकाळी बटण दाबलं आणि घर बंद. रॉड काढून बघितला तर वेटोळ्याला केसासारखी चीर. आदल्या वर्षी हाच रॉड चालू असताना ते बोट बुडवून पाणी तापलं का बघायचे, आम्ही ओरडायचो, ते ऐकायचे नाहीत. त्या दिवशी काही बोलले नाहीत, रॉड घेऊन स्वतः भंगारात टाकून आले. नवीन आणला त्याचा नियम असा की बटण बंद, पिन बाहेर, मगच पाण्यात हात.

सगळा खर्च सतरा हजारांच्या आसपास गेला, त्यात निम्मी खोदाई आणि हिरवी वायर.

आता एप्रिल आहे. परवा कूलर खाली काढला, पंप नवा, वायर तीन तारांची आणि अखंड, टॉप मीच उघडून बघितला, हिरवी तार पितळी स्क्रूखाली घट्ट आहे. अर्थिंग मोजून घेतलं तर माती वाळल्याने साडेसहावर गेलं होतं, दोन दिवस पाणी दिल्यावर चारला आलं. म्हणून आता सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घातलं की तोच तांब्या परत भरून परसात नरसाळ्यात ओततात, आणि एक तारखेला आरसीसीबीचं टी लिहिलेलं बटण मुलगी दाबते, खट्ट आवाज येऊन पंखे थांबले की ओरडून सांगते, आजी, चालू आहे!