सुंदर दिसले म्हणजे फुलपाखरूच?

"इतकं सुंदर आहे म्हणजे फुलपाखरूच असणार, पतंग कसले मातकट असतात!" काचेवर बसलेल्या निळ्या-काळ्या, चमकदार पंखांच्या कीटकाकडे बोट दाखवत मैत्रीण आज ठामपणे म्हणाली. तो दिवसा उडणारा पतंग होता, पण तिचे ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही.

मी तिला पंख सोडून स्पर्शिका पाहायला सांगितले. फुलपाखराच्या स्पर्शिकेचे टोक आगपेटीच्या काडीसारखे फुगीर असते. याच्या स्पर्शिका मात्र दोन्ही बाजूंनी बारीक दाते असलेल्या होत्या. अनेक पतंगांच्या नरांमध्ये असे दाते अधिक ठळक असतात, कारण मादीचा गंध हवेतून टिपण्याचे काम त्यांच्याकडे असते. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.

अर्थात, अशा खुणांनाही अपवाद असतात. पुढचा आणि मागचा पंख अडकवून ठेवणारा राठ केस हे पतंगांचे लक्षण मानले जाते, पण ऑस्ट्रेलियातील रीजंट स्किपर या फुलपाखराच्या नरालाही तो असतो.

जगात फुलपाखरांच्या सुमारे १८,००० ज्ञात प्रजाती आहेत, तर पतंगांच्या दीड लाखाहून अधिक. खरे तर फुलपाखरे ही त्याच मोठ्या कुळवृक्षाची एक फांदी आहे, आणि तरीही कौतुक सगळे त्या फांदीच्याच वाट्याला येते. तुम्ही एखादा पतंग शेवटचा निरखून कधी पाहिला होता?