सेक्वोयांच्या मुळांवर वसलेली केबिन्स

कॅलिफोर्नियातलं सेक्वोया नॅशनल पार्क १८९० चं. पण तिथल्या जायंट फॉरेस्टमध्ये, म्हणजे महाकाय सेक्वोया वृक्षांच्या राईत, लोकांची खरी रीघ लागली ती रस्त्यामुळे. कॅप्टन चार्ल्स यंग यांच्या कृष्णवर्णीय सैनिकांनी १९०३ मध्ये तिथपर्यंत घोडागाडीचा रस्ता पोचवला. आधी तंबू, मग लाकडी केबिन्स, आणि १९२६ मध्ये जनरल्स हायवे आल्यावर दुकानं, उपाहारगृहंही.

दिसायला सुंदर, पण जागा पार चुकीची. सेक्वोयाची मुळं फार खोल जात नाहीत. दोनेक मीटर, बस्स. आडवी मात्र तीस मीटर नि त्यापलीकडे पसरतात. वर माणसं आणि गाड्या फिरल्या की माती दबते, पाणी मुरत नाही. पाइपांसाठी चर खणले की मुळं तुटतात. त्यात वस्ती म्हटली की प्रत्येक आग विझवायची, आणि सेक्वोयाच्या रोपांना तर आगीने मोकळी केलेली माती नि ऊनच लागतं!

अधीक्षक कर्नल जॉन व्हाइट वस्ती हलवण्यासाठी अनेक वर्षं झगडले. त्यांचंच बरोबर होतं. तरी इमारती निघाल्या त्या १९९० च्या दशकाअखेरीस, २८२. डांबर उखडलं, दबलेली माती भुसभुशीत केली, उतार पूर्ववत केले, मग रोपं लावली. मुक्कामासाठी १९९९ मध्ये वुक्साची लॉज उघडलं, सेक्वोयांच्या राईबाहेर. १९२८ ची मार्केटची इमारत मात्र राखली. आज तिथे संग्रहालय आहे.